झाकण उघडल्यावर

अजोकेच्या वागण्याला काही रीतभातच उरली नव्हती. इकेजाच्या त्या संगणक बाजारात सकाळपासून जितकी दुकानं झाली, तितक्या दुकानदारांना तिने दुखावलं. लंडनहून वापरून आलेला, धुऊनपुसून आरशासारखा केलेला लॅपटॉप समोर आला, की ही तो आधी पालथा घालणार. खालच्या स्क्रूंवर नख फिरवणार आणि म्हणणार, "उघडून दाखवा."

"नवरी बघायला आलीस तरी पोट फाडून बघशील काय गं?" एकाने विचारलं. सगळी गल्ली हसली.

साफुरा आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावी, अबेओकुटाच्या बाजारात तिच्या निळीत रंगवलेल्या कापडाला नाव होतं. तिची घडी उलटून बघायची कुणाची छाती नव्हती. आणि तिचीच नात तिच्यादेखत लोकांच्या मालावर संशय घेत फिरत होती.

पण अडलं होतं पोरीचंच. पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष, आणि स्वतःचा लॅपटॉप नाही. मैत्रिणीचा मागायचा, तिने हाक मारली की परत द्यायचा. असं तुकड्यातुकड्याने काम पुरं होईना, आणि मास्तरांनी बजावलं होतं, काम दिलं नाहीस तर वर्ष गेलं. म्हणून आजीने बाजारातल्या बायकांच्या हातापाया पडून भिशीची आपली पाळी अलीकडे ओढली होती. पैसे एकाच जुन्या लॅपटॉपपुरते होते. तो फसवा निघाला तर दुसरा कुठून आणणार?

"पुरे झाला तमाशा," आजी शेवटी म्हणाली. "आता आपल्या माणसाकडे जायचं. वासिऊ आपल्याच आळीतला. तिथे तोंडाला कुलूप."

वासिऊने आजीला पाहिलं मात्र, भर गल्लीत, लोकांच्या पायांत लोटांगण घातलं. मग उठून त्याने तिच्या कुळाची थोरवी गायला सुरुवात केली.

"ये, निळीच्या घरची लेक! जिच्या रांजणात आभाळ भिजत पडतं ती! राजाच्या पाठीवर जिच्या पणजीची बोटं उमटली ती! पावसाने धुतलं तरी उतरत नाही असा रंग तू!"

कुळाची थोरवी कानावर पडल्यावर कुठला योरुबा माणूस ताळ्यावर राहतो? आजीच्या डोक्यावरचं कापड दोन बोटं वर चढलं. डोळे भरून आले. तिने बक्षिसाची नोट काढून वासिऊच्या कपाळावर चिकटवली. आता भाव करायची सोयच राहिली नाही. ज्याने तुमच्या पणजीला हाक मारली त्याच्याशी घासाघीस करायची म्हणजे आपलीच किंमत आपण उतरवायची. वासिऊने भाव सांगून एक चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला. आजीचा हात कमरेच्या गाठीकडे गेला.

"उघडून दाखवा," अजोके म्हणाली.

"अगं ए! आपल्या माणसाचा माल आहे तो!"

"माणूस आपला आहे, आजी. माल लंडनचा आहे."

वासिऊ हसला, पण नुसत्या ओठांनी. "माई, नात पोलिसात आहे का तुमची?"

"कसली पोलीस! रेडिओ दुरुस्त करायला शिकते मेली."

 अजोकेने वासिऊसमोर गुडघे टेकले. "दादा, रागावू नका," म्हणाली, आणि तशीच राहिली. गुडघे टेकलेल्या पोरीला हाकलून देणारा माणूस त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी धंदा करू शकला नसता. वासिऊने चरफडत स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

पोरीने एकेक स्क्रू काढला, झाकण नखाने हलकेच सोडवलं आणि बाजूला ठेवलं.

आजी वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

आत रेघा होत्या. हिरव्या जमिनीवर केसाहून बारीक रेघा, शेजारीशेजारी निघालेल्या, एकदम वळणाऱ्या, आणि कुठेही एकमेकींना न शिवणाऱ्या. उभ्या जन्मात आजीने कोंबडीच्या पिसाने कापडावर खळीच्या रेघा ओढल्या होत्या, तिथे नीळ चढू नये म्हणून. दोन रेघा जवळ आणायच्या आणि भिडू द्यायच्या नाहीत, यात काय जीव जातो ते तिला माहीत होतं. इथे तर तळहाताएवढ्या जागेत कुणीतरी अख्खं शहर मांडलं होतं. बाहेरचे भोंगे, जनरेटरची धडधड, सगळं तिच्या कानांतून निघून गेलं. देवाच्या घरात आल्यासारखं तिने डोक्यावरचं कापड पुढे ओढलं.

"हे कुणाच्या हातचं?" तिने हळूच विचारलं.

"यंत्र छापतं, माई," वासिऊ म्हणाला.

"छापतं रे. पण पहिल्यांदा काढलं कुणी?"

"माणसं काढतात, आजी," अजोके म्हणाली. "आम्हाला हेच शिकवतात. कुठली रेघ कुठून न्यायची. मास्तरांना द्यायचं ते माझं अर्धं काढून झालंय."

आजीने मान वर करून नातीकडे पाहिलं. या घोड्याएवढ्या पोरीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि ही काय करते ते तिला आज कळत होतं.

"तू काढतेस? असलं?"

"हो. पण हा घ्यायचा नाही." अजोकेचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं. तिथे रेघांवर पांढरट हिरवा बुरसा धरला होता. "यात पाणी शिरलंय. आज चालेल, उद्या मरेल."

वासिऊने मान खाली घालून पाहिलं. "मी गठ्ठ्याने घेतले, माई. आईशपथ, आत बघितलं नव्हतं."

"नसशील बघितलं," आजी म्हणाली. "आता तो काळा दे. तो पोचे आलेला."

"तो माई, दिसायला..."

"दिसायला मी तरी कुठे रूपवती आहे? दे. आणि पोरी, उघड."

काळ्याच्या आत रेघा स्वच्छ होत्या. आजीने त्याही डोळे भरून पाहिल्या. झाकण लागलं, स्क्रीन उजळली. मग तिने चंदेरी लॅपटॉपपेक्षा पुष्कळ कमी भाव सांगितला, आणि वासिऊ तो कबूल करून कपाळावरची नोटही परत द्यायला लागला तेव्हा त्याचा हात झिडकारला. "ते माझ्या पणजीच्या नावाचे पैसे. ते ठेव."

गल्लीच्या तोंडाशी अजोके लॅपटॉप पोटाशी धरून उभी राहिली. शिव्या खायची तयारी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"तुला वागायची रीत नाही ती नाहीच," आजी मोठ्याने म्हणाली, दोन अनोळखी माणसं वळून बघण्याइतकं. "सासरी गेलीस तर आठवड्यात परत धाडतील. धाडू देत. आपल्या घरात इतक्या बायकांनी रेघा ओढल्या, पण तुझ्याएवढी पोचलेली एक झाली नाही. मीसुद्धा नाही. चल, घरी बसून माझ्यासमोर काढ. मला बघायचंय."