काठाकाठानं

गुणवंतरावांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि भैयाजीच्या खुर्चीपासून चांगली चार हात लांब नेऊन ठेवली. मंचाच्या फळ्या करकरल्या. मांडवातल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि पाहावं म्हणूनच तर त्यांनी ती उचलली होती.

लटारूभाऊंचा चेहरा पडला. मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा, सगळा बेत त्यांचा. दिवाळी झाली की सावरटोल्यात मंडई भरणार, पाहुण्यांनी घरं भरणार, रात्री दंडारीचा नाच-खेळ उभा राहणार, हे ठरलेलंच. यंदा भाऊंनी दुपारचं एक नवंच काढलं होतं: गावचे दोन बी.ए., दोघंही नागपुरात शिकून लंडनला नाव काढून आलेले, त्यांचा सत्कार. गुणवंतराव तिथल्या नाटकांचे पडदे रंगवत आणि भैयाजी तिथल्या रेडिओवर बोले. एका गाडीनं गेलेले दोस्त एका मंचावर बसवावेत, एवढीच भाऊंची हौस. दोघांतून विस्तव जात नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

गुणवंतराव आधी बोलले. बागा रंगवायच्या, आभाळ रंगवायचं, राजवाडे उभे करायचे आणि खेळ उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून दुसरं काढायचं, असा तिकडचा धंदा त्यांनी सांगितला. कुठं नाव छापलंच तर मुंगीएवढं. लोकांना गंमत वाटली. मग बसता बसता ते म्हणाले,

"कोनी आपल्या हातचं विकून खाते. कोनी दुसऱ्याच्या घरचं."

भैयाजी चष्मा पुसत राहिला. टोला कुठं बसला ते दोघांनाच कळलं.

गोष्ट नागभीड स्टेशनवरची. गुणवंतरावांची आई, धुरपताबाई, लंडनला निघालेल्या पोराला पोचवायला आली होती. तिनं आगबोट कधी पाहिलेली नव्हती. पाणी ओलांडायचं म्हणजे वैनगंगेवरचा डोंगा, एका झाडाचं खोड कोरून केलेला, एवढंच तिला ठाऊक. तिनं पोराला जे बजावलं ते शेजारी उभ्या भैयाजीनंही ऐकलं. लंडनला पोचल्यावर या पठ्ठ्यानं तेच रेडिओवर नेलं! सगळं इंग्रजीत सांगायचा, पण म्हातारीचं बोलणं तिच्याच बोलीत, तिच्याच आवाजात, आणि मग सावकाश त्याचा अर्थ. विलायत पोट धरून हसली. भैयाजीचं नशीब फळफळलं, जिथं तिथं त्याला तीच नक्कल मागू लागले.

गुणवंतरावांनी ती पहिल्यांदा ऐकली पडदे रंगवायच्या खोलीतल्या रेडिओवर. बरोबरचे गोरे रंगारी हसून हसून लोळले. ही माझी माय आहे, एवढे चार शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्याचाही राग भैयाजीवरच. पुढं धुरपताबाई वारली, तेव्हा हे सातासमुद्रापलीकडे. त्या दिवसापासून भैयाजीशी बोलणं बंद.

आज त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. इथं, मायच्या गावात, यानं मायवर लोकांना हसवलं, तर सगळ्यांदेखत गचांडी धरून याला खाली ओढायचं. सत्कार गेला चुलीत.

भैयाजी उठला. घसा साफ केला.

"ज्या गोष्टीनं मले लंडनात भाकर देली, तेच सांगतो," तो म्हणाला.

गुणवंतरावही उठले. मध्ये चार हात अंतर. ते चालत निघाले तोवर भैयाजीनं मान जराशी वाकडी केली, पदर सावरल्यासारखा हात डोक्याकडे नेला आणि बोलला,

"बाबू, डोंगेवाल्याले सांगजो. काठाकाठानं ने म्हना. मधात धार असते."

आणि थांबला. विलायत इथंच हसायची.

मांडवात कोणी हसलं नाही. हसणार तरी कोण? धुरपताबाईचा नवरा चैतू वैनगंगेच्या मधल्या धारेतच गेला होता. डोंगा उलटला, डोंगा सापडला, चैतू सापडला नाही. सगळ्या गावानं काठ धुंडाळला होता. त्यात भैयाजीचा बापही होता. एवढं एक भैयाजीनं विलायतेला कधी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता सांगता तो स्वतःच ते विसरून बसला होता.

पुढच्या रांगेत रुखमाबाई, धुरपताबाईची जन्माची शेजारीण, डोळ्यांना पदर लावून म्हणाली,

"धुरपता आली व माय."

भैयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "मले वाटलं..." असं काहीतरी तो पुटपुटला आणि खुर्चीचा हात चाचपत मागं सरून बसला. गुणवंतराव आता त्याच्यासमोर उभे होते. गचांडी धरायला उचललेला हात तसाच होता.

मायचं नाक, मायचे हात, कपाळावरची आठी, हे सगळं त्यांनी आठवून आठवून कागदावर उतरवलं होतं. आवाज मात्र कधीचा गेला होता. कान कितीही लावला तरी तो त्यांच्याच आवाजात यायचा. आणि आज तो या चोराच्या गळ्यातून जसाच्या तसा आला होता. त्यांना रडू फुटत होतं, आणि ते या माणसासमोर फुटावं याचा संतापही होत होता.

"बसून काऊन राह्यला?" ते दात आवळून म्हणाले. "गाडी सुटली तवा माय अजून काई बोलली होती."

"हौ," भैयाजी म्हणाला. "खिडकीला धरून."

"मले याद नाई."

भैयाजीनं मान वर केली.

गुणवंतराव परत गेले. आपली खुर्ची त्यांनी फरफटत आणली, भैयाजीच्या अगदी जवळ, आणि त्याच्याकडे पाठ करून मांडली, म्हणजे त्याचं तोंड दिसायला नको. मग बसले.

"बोल," ते म्हणाले.