माझ्या छतावरचा तेलकट तुकडा

मी एक जुनी फियाट गाडी आहे, मित्रांनो, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी माझा जो गोंधळ उडाला तो अजून पुरता निस्तरलेला नाही. माझी नोंदणी कोल्हापूरची, मुक्काम जयपुरात, बनी पार्कात. त्यामुळे घरातली मराठी मला उत्तम कळते आणि रस्त्यावरची हिंदी अर्धीमुर्धी. पुढचं सगळं त्या अर्ध्यामुर्धीनंच घडलं.

विमा कचेरीतले हिंदुराव साहेब बदली होऊन आले, ते मला घेऊनच. माणूस चांगला उंच. चालवताना त्यांचं डोकं छताच्या कापडाला टेकायचं आणि माक्याचं तेल तिथे लागायचं. पंधरा वर्षांत त्या जागी बशीएवढा तपकिरी डाग पडला. विजयमालाबाई कुरकुरायच्या, "अहो, निदान टोपी तरी घाला!" साहेब नुसते हसायचे.

मग शहाऐंशीच्या हिवाळ्यात साहेब गेले. मी दोन वर्षं अंगणात उभी होते. उन्हानं छताचं कापड सुटून लोंबू लागलं, दारांच्या आतलं रेक्झिन तडकलं. पुढे बाई कचेरीत लागल्या आणि स्वतः गाडी शिकल्या. त्यांची मुलगी रमा जयपुरातच वाढलेली. ती म्हणाली, "आई, छत डोक्यावर येतंय, मतलब, बदलायलाच पाहिजे."

स्टेशनजवळ द्वारकाजी नावाचे कारागीर गाड्यांच्या गाद्या आणि अस्तरं शिवत. त्यांनी माझं सगळं उतरवलं. आतून नुसता पत्रा उरला. ही मीच का दुसरीच कोणी, तेच मला कळेना.

बाई जुन्या छताचं कापड हातात धरून उभ्या होत्या. डागावर बोट ठेवून म्हणाल्या, "ये तुकडा अलग काटो."

"नए में टाँक दूँ, बहनजी?"

बाई दचकल्या. "नहीं, नहीं! टाकना मत!"

"जैसी आपकी मर्ज़ी."

मीसुद्धा दचकले होते. मी पडले कोल्हापूरची. मलाही वाटलं, हा माणूस साहेबांचा डाग टाकून देऊ का म्हणून विचारतोय. बाईंनी वेळेवर अडवलं म्हणून मला हायसं वाटलं.

चार दिवसांनी मी नवी कोरी झाले. छताला मलईच्या रंगाचं कापड, दारांना चकचकीत रेक्झिन. बाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "वो तुकडा?"

"वो तो कतरन में गया. आपने ही मना किया था."

"मी म्हटलं होतं ना, टाकना मत!"

"तो नहीं टाँका, बहनजी!"

दोघंही खरं बोलत होते, आणि बाईंचे डोळे भरून आले होते. माझी मती गुंग झाली. रमाला आधी हसू फुटलं, मग तिनं ते गिळलं. "आई, टाँकना मतलब शिवणं. ते विचारत होते, नव्यावर शिवून देऊ का."

बाई दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. "अगं, त्यांचं तेवढंच उरलं होतं गं."

रमानं हिंदीत समजावलं तसे द्वारकाजी ओशाळले आणि चिंध्यांचं पोतं पायरीवर रिकामं केलं. दहा गाड्यांची फाटकी छतं, सगळी तपकिरी, सगळी कळकट. नुसतं बघून कोण काय ओळखणार? बाई एकेक चिंधी नाकाशी नेऊ लागल्या. रमानं तोंड फिरवलं. पोतं संपत आलं तेव्हा बाईंनी एक तुकडा नाकाशी धरला, तो खाली ठेवलाच नाही.

द्वारकाजींनी सुईत दोरा ओवला. हातानं शिवल्याची खूण करत जपून विचारलं, "अब टाँक दूँ?"

"टाका," बाई म्हणाल्या, आणि लगेच घाबरून तुकडा छातीशी धरला. "म्हणजे शिवा! सुई से!"

आता मलईच्या रंगाच्या कापडावर तो तुकडा चालकाच्या डोक्यावर येईल असा शिवलेला आहे. माझ्यात बसणारे लोक विचारतात, नव्या छताला हे ठिगळ कशाला? मित्रांनो, कुणाचंही जुनं उतरवताना त्याला आधी विचारा, आणि उत्तर नीट कळलं का, तेही विचारा.

बाई ठेंगण्या आहेत. त्यांचं डोकं तिथवर पोचत नाही. सी-स्कीमच्या चौकात लाल दिवा लागला की त्या हात उंच करून तो तुकडा चाचपतात. कधी कधी दिवा हिरवा होतो तरी हात खाली येत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. मी हलत नाही.