पहिली खेप

सळीचा आकडा घालून बाबांनी फटीतला कापूस पुन्हा बाहेर ओढला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

“झालं का समाधान?” होडीच्या पलीकडून मुलीने विचारलं.

“नीट बसला नव्हता.”

तिने हातोडा खाली टाकला. डावी बाजू तिची, उजवी बाबांची, ही वाटणी वीस वर्षांची. फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठासायचा आणि वरून डांबर लावायचं. तिची बाजू परवाच आटोपली होती. बाबांचं मात्र भरणं आणि उसवणं संपत नव्हतं. कधी कापूस वाईट, कधी तेल कमी, कधी फळीच नालायक. बाहेर नावाडी पिंपावर ठाण मांडून बसला होता. आज होडी पाण्यात उतरली नाही तर तो दुसऱ्या कारखान्यात जाणार होता, आणि हे त्याने चारदा ऐकवलं होतं. तिचं डोकं पिकलं होतं.

“बाबा, घरी जाऊन चहा घेऊन या. मी डांबर तापवते.”

“शेवटची फट राहिलीय.”

“राहू दे. जा हो तुम्ही.”

ते गेले. डांबराचं भांडं घेऊन ती उजव्या बाजूला आली आणि सवयीने फटीवरून अंगठा फिरवला. कापूस नखाबरोबर बाहेर आला. शेजारच्या फटीतलाही आला, हातभर लांब, काही अडथळा न होता. फळी नालायक नव्हती, कापूसही चांगला होता. ठोक्यालाच जोर नव्हता. गेले काही महिने बाबा पाण्याची बादली डाव्या हाताने उचलत होते. तिने ते रोज पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

एवढं सांगायला काय झालं होतं यांना, म्हणून तिला आधी संतापच आला. मग आपण आठवडाभर काय काय बोललो ते आठवलं आणि फार वाईट वाटलं. तिने भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं, हातोडा उचलला आणि उजवी बाजू पहिल्या फटीपासून भरायला घेतली.

चहाला गेलेले बाबा दुपार उलटल्यावर परतले. डांबर लावून झालं होतं. त्यांनी फळीला कान लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने ठोकून ऐकलं.

संध्याकाळी होडी पाण्यात उतरली. ज्याने फटी भरल्या त्याने पहिल्या खेपेला होडीत बसायचं, हा कारखान्याचा नियम बाबांनीच घातलेला. ती चढली. बाबा काठावरच उभे राहिले.

“चला ना,” नावाडी म्हणाला. “आधीच उशीर झालाय.”

“तिला घेऊन जा. मी काही भरलेलं नाही.”

ती नावाड्याकडे न बघता म्हणाली, “मग उसवलं कुणी? तसंच राहू दिलं असतं तर आत्ता बुडालो असतो. बसा गुपचूप.”

बाबा जरा वेळ घुटमळले. मग डाव्या हाताने होडीची कड धरून चढले आणि उजव्या बाजूला बसले.

नदीच्या मध्यावर त्यांनी वाकून आपल्या बाजूच्या फळ्यांवरून तळवा फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. कोरडा होता. मग ते सरकून तिच्या बाजूला आले आणि तिकडेही तळवा फिरवला.

“तुझ्या बाजूची तिसरी फट जरा ओलसर लागतेय,” ते म्हणाले.

तिने कपाळावर हात मारला. “उद्या उसवा,” ती म्हणाली.