न लागलेलं व्यसन

आमच्या मास्तरांना साधी सुपारीसुद्धा सोसत नाही, लगेच उचकी लागते. अशा माणसाच्या लघवीत अफू निघाली म्हणे! आता यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं?

मास्तर म्हणजे माझा नवरा, अंगद. काष्टीजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवतात आणि संध्याकाळी घरी शिकवणी घेतात. अनुदान येईल येईल म्हणता म्हणता त्यांचे केस पिकायला लागले. अशात कोरियातल्या एका शाळेनं मोबाईलवर मुलाखत घेतली आणि चक्क निवडलं. गावात फ्लेक्स लागला. त्यातल्या फोटोत मास्तरांना कुणीतरी परस्पर गॉगलही चढवला होता. व्हिसासाठी आता एकच तपासणी राहिली होती, माणूस नशापाणी करत नाही ना याची. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तरी मास्तर पडले मास्तर. तपासणी होईपर्यंत सर्दीची गोळीसुद्धा घेतली नाही, नुसते शिंकत बसले.

त्यातच धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयाला जेवायला बोलवायचं आणि अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. माझी आई मनकर्णा पाथर्डीकडे एकटीच राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं माझ्या भावाला, कानिफला, विहिरीवरची मोटर चालू करायला पाठवलं आणि शॉक लागून तो तिथंच गेला. "म्याच धाडलं त्याला," एवढंच ती म्हणत राहिली. तेव्हापासून तिच्या घरात गोड म्हणून काही झालं नव्हतं. आणि या महिन्यात तिचा आपणहून फोन आला, "जावईबापूंना घिऊन ये. अनारशाचं तांदूळ भिजत घातल्यात." फोन ठेवून मी रडले.

आईनं अनारसे खसखशीवर असे दाबून थापले होते की एक बाजू पांढरीफटक दिसत होती. मास्तरांना गोडाची फारशी आवड नाही. पण आई ताटाजवळ बसून "अजून एक, माझी शपत हाय" म्हणत होती आणि किती दिवसांनी हसत होती. मास्तर खात राहिले. निघताना तिनं डबा भरून दिला, तोही त्यांनी संपवला. शेवटचे दोन तर तपासणीला पुण्याला जाताना एसटीत खाल्ले.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, खसखस खाल्ली होती का? खसखस अफूच्या बोंडातली असते हे मास्तरांना पुस्तकातून माहीत होतं, पण ताटावर बसल्यावर ते कुणाला आठवतं? डॉक्टरांनी पत्र दिलं, मास्तरांनी मेलवर मेल पाठवले. तिकडची शाळा थांबायला तयार नव्हती. त्यांनी दुसरा मास्तर घेतला.

मी चिडून आईला फोन लावला. मास्तरांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

"तिला कळलं तर ती पुन्हा चुलीपाशी बसायची नाही," ते म्हणाले. "कदाचित अंथरुणातूनच उठायची नाही."

"मग तिला सांगायचं काय?"

"जागा भरली म्हणायचं."

पण व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटच्या ऑफिसातून बातमी फुटली. मास्तर अफू खातो! फ्लेक्स एका दिवसात उतरला. पाथर्डीपर्यंत बातमी जायला कितीसा वेळ? आई पहिल्या एसटीनं आली आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारून मास्तरांपुढं बसली.

"जावईबापू, लोक म्हनत्यात ते खरं हाय का?"

मास्तरांनी तांब्या पुन्हा तिच्यापुढं सरकवला.

"न्हाई म्हना, मी इस्वास ठिवते. पर मंग तुमच्या अंगात ती आली कुठनं, तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी गप्प झाले.

"खरं आहे मामी," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मला वाटलं, आई आता मला माहेरी ओढून नेणार. तिनं मास्तरांचे दोन्ही हात धरले. "एक पोरगं मी घालवलं. दुसरं न्हाई जाऊ द्यायची."

आमच्याकडे व्यसन सुटावं म्हणून माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ घालतात. आईनं दुसऱ्याच दिवशी त्यांना मंदिरात नेलं. मास्तरांचा जीव मटणाच्या रश्श्यावर. माळ घातली की मटण बंद. तरी त्यांनी मुकाट्यानं मान खाली केली.

आई मग राहिलीच. मटण सोडून रोज मास्तरांच्या आवडीचं करून घालायची. आठवडे बाजारात भाजी घेता घेता अनोळखी बायांनासुद्धा सांगायची, "आमच्या जावयानं सोडली बरं का! एका शब्दावर!" ज्यांना अजून थोडी शंका होती, त्यांचीही मग खात्री पटली. शिकवणीची पोरं एकेक करून बंद झाली. शाळेनं मास्तरांना बोलावून सध्या घरीच थांबा म्हणून सांगितलं.

"आता तरी तिला सांगू या," मी मास्तरांच्या हातापाया पडले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांसाठीही रडू येतं.

एका संध्याकाळी आई शिकवणीच्या रिकाम्या खोलीत डोकावली. "हितं पोरं येत न्हाईत का आता? बरं झालं, मला निजायला जागा झाली."

मास्तर उठले आणि त्यांनी तिचं अंथरूण फळ्याखाली स्वतः घातलं.