जोडीतले पांढरे पिस्तूल

काकांच्या मृत्यूला वर्ष होत आले असता, थंडी ओसरू लागलेल्या दिवसांतील एका रविवारी, सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतच्या अवधीत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरील संग्रहाच्या खोलीत पुढील प्रकार घडला.

काकांनी आयुष्यभर जुनी पिस्तुले जमवली होती. त्यांतील बहुतेक टोपीची, म्हणजे घोडा तांब्याच्या इवल्याशा टोपीवर आपटून आतली दारू पेटवणारी होती. ती सारी त्यांच्या इच्छेनुसार संग्रहालयात गेली. घरात उरली ती एक जोडी, टोपीच्याही आधीच्या काळातली, चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा बसवलेला असे. चाप ओढताच तो पोलादावर घासे, ठिणगी उडे आणि बाजूच्या वाटीतील चिमूटभर दारू पेट घेई. ही जोडी विकायची नाही आणि फोडायची नाही, एवढेच काका सांगून गेले होते. ती कोणाला द्यायची, हे काकूंनी ठरवायचे होते.

मागणारे दोघे होते. एक पुतण्या, रक्ताच्या नात्याने आपला हक्क पहिला, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुसरे दातांचे डॉक्टर, काकांचे संग्रहातले सोबती. दवाखान्यामागच्या खोलीत ते मोडकी पिस्तुले दुरुस्त करीत आणि ज्या हाताने दात उपटत त्याच हाताने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवीत. जोडीतील एका पिस्तुलाची स्प्रिंग तुटली होती. ते पिस्तूल त्यांनी नेले आणि बुधवारी परत आणून दिले. काकू आज आपला निर्णय सांगणार होत्या.

पुतण्या मुद्दाम लवकर आला. काकू स्वयंपाकघरात आहेत असे पाहून तो वर गेला आणि त्याने पेटी उघडली. एका पिस्तुलाची नळी नेहमीसारखी गडद तपकिरी होती. दुसऱ्याची, म्हणजे डॉक्टरांनी दुरुस्त करून आणलेल्याची, पांढरी शुभ्र, ताटासारखी लखलखीत होती.

या तपकिरी रंगाची किंमत संग्राहकालाच कळते. जुने बंदूककार नवी नळी मुद्दाम गंजवीत, तो गंज घासून बसवीत, पुन्हा गंजवीत, आणि शेवटी तेल पाजून त्याचे मखमली कातडे तयार करीत. ते कातडे एकदा गेले की गेले. तेव्हा पुतण्यापुढे दोनच शक्यता होत्या. एक तर कोणीतरी ते नष्ट केले होते. किंवा हे पिस्तूल ते नव्हतेच.

पुतण्या विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करीत असे. जळालेली गोदामे आणि बुडालेली दुकाने पाहून पाहून त्याने एक नियम बांधला होता: आधी वस्तू तपासावी, मग माणसे, आणि घरमालकाला सर्वांत शेवटी विचारावे, कारण आधी विचारले की घरमालक गोष्ट रचतो. या नियमाने त्याला कधीही दगा दिला नव्हता. त्यामुळे जिन्याखाली असलेल्या काकूंना एक हाक मारावी, हे त्याच्या मनातही आले नाही.

त्याने हाताला रुमाल गुंडाळून, जणू बोटांचे ठसे जपायचे आहेत अशा बेताने, पिस्तूल हातभर दूर धरून न्याहाळले. मग तो तराजू आणायला खाली गेला.

“तराजू कुठे नेतोस रे?” काकूंनी विचारले.

“वजन करायचंय.”

“कुणाचं?”

“असंच, एका वस्तूचं.”

“माझं करू नकोस म्हणजे झालं. चहा घेतलास का? वर काही पाहिलंस की नाही?”

“पाहतोय,” असे म्हणून तो निसटला. काकूंच्या शेवटच्या प्रश्नात उत्सुकता होती. त्याला त्यात चाचपणी दिसली, आणि क्षणभर काकूंविषयीही त्याच्या मनात पाल चुकचुकली.

पांढरे पिस्तूल तपकिरी पिस्तुलापेक्षा किंचित हलके भरले. हाताने घडवलेली दोन पिस्तुले काट्याला काटा सारखी कधीच भरत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. परंतु संशयाला एकदा बसायला जागा मिळाली की तो आपले पाय पसरतो. डॉक्टरांच्या खोलीत प्लास्टरचे साचे असतात. डॉक्टर धातू ओततात. डॉक्टरांनी हे पिस्तूल कैक वर्षे डोळ्यांत भरून ठेवले आहे, आणि आठवडाभर ते त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होते. अशा रीतीने खटला उभा राहिला. आरोपी तेवढा यायचा होता.

आरोपी आला तो जिन्यावर धापा टाकीत आणि बोलत. “काय साहेब, पहाटेपासून पहारा? वहिनींनी निकाल दिला, की अजून पक्षकारांना ताटकळत ठेवलंय?”

“बसा, डॉक्टर. स्प्रिंग बसवायला बरेच दिवस लागले तुम्हाला.”

“दातांचं दुखणं आधी, पिस्तुलाचं नंतर. पिस्तूल रात्री फोन करून रडत नाही.”

“नळी काढली होती का?”

“स्प्रिंगला नळी कशाला काढू? दाढ दुखते म्हणून तुमचा गुडघा उघडू का?” डॉक्टर हसत पेटीवर वाकले आणि त्यांचे हसू तिथेच विरले. त्यांनी पांढरे पिस्तूल उचलले, उजेडाला नेले, नळी नाकाजवळ धरून हुंगली. मग त्यांनी जिन्याकडे पाहिले, पिस्तूल अलगद जागेवर ठेवले आणि काहीही न बोलता खुर्चीत बसले.

पुतण्याने प्रत्येक हालचाल टिपली. नळी ज्या तेजाबाने धुतली त्याचा वास गेला की नाही, हे माणूस हुंगून पाहतो. खाली कोणी ऐकत नाही ना, याची खात्री करतो. आणि जो इतका वेळ बडबडत होता, तो मूग गिळून बसतो.

“बोला ना काहीतरी,” पुतण्या म्हणाला.

“काय बोलू? चहा मिळेल का?”

“नळी पांढरी कशी झाली?”

“झाली असेल कशीतरी. मी घेऊन जातो, बघतो काय करता येतं ते. वहिनींपुढे विषय काढू नका.”

“का बरं काढू नको?” पुतण्याचा आवाज चढला. “मी सांगतो का. हे पिस्तूल आमचं नाहीच. खरं तुमच्या खोलीत आहे आणि ही त्याची नक्कल आहे!”

डॉक्टरांचे कान लाल झाले. खिशातून एक बारीक चिमटा काढून त्यांनी नळीला धरून ठेवणारी लाकडातील चपटी पाचर हलकेच बाहेर ढकलली आणि नळी उचलून उलटी केली. लाकडाने झाकलेली खालची बाजू गडद तपकिरी होती, आणि तीवर कारागिराचा छाप होता. त्यांनी दुसरे पिस्तूल तसेच उघडून शेजारी ठेवले. तोच रंग, तोच छाप, छापाच्या एका कोपऱ्याची तीच तूट.

“नक्कल करणारा झाकलेल्या बाजूला इतका जीव कशाला लावील?” ते म्हणाले.

येथे कोणताही विवेकी माणूस थांबला असता. परंतु पुतण्याने आयुष्यात अर्धा दावा कधी सोडला नव्हता. पहिला आरोप कोसळताच त्याच्याच विटांनी त्याने दुसरा बांधला.

“म्हणजे पिस्तूल खरं आहे, आणि तुम्ही ते मुद्दाम घासून खराब केलंत. जोडी बिघडली की मी ती नाकारीन, आणि मग ती आपसूक तुमच्या पदरात! शिवाय काकूला कळू नये म्हणून मला गप्प राहायला सांगता!”

“तोंड सांभाळा,” डॉक्टर उठत म्हणाले.

“ते मी घासलं.”

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कधीपासून तिथे होत्या, हे दोघांनाही कळले नव्हते.

“परवा पेटी उघडली तर हे एवढं गंजलेलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आज कुणाच्या तरी हातात द्यायचं, अशा अवतारात कसं द्यायचं? भांड्यांची पूड लावली आणि तारेच्या घासणीनं घासलं. एकच झालं, हात भरून आले. दुसरं आज जेवणं झाल्यावर करणार होते.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. “दुसरं राहू द्या, वहिनी. तो गंज मुद्दाम आणलेला असतो.”

“मुद्दाम?” काकूंनी ट्रे टेकवला. “संसार झाला माझा या माणसाबरोबर. ‘हात लावू नकोस’ एवढंच म्हणायचे. का नको, ते कधी सांगितलं नाही.” त्या पांढऱ्या नळीकडे पाहत राहिल्या. “वाया गेलं का रे, डॉक्टर?”

त्यांनी डॉक्टरांना अरे म्हटल्याचे कोणीही पूर्वी ऐकले नव्हते.

“रंग पुन्हा चढवता येतो. पहिल्यासारखा येत नाही. पिस्तूल शाबूत आहे.”

“तुम्हाला कळलं होतं?” पुतण्याने विचारले.

“भांड्यांच्या पुडीतल्या लिंबाचा वास येत होता. तुम्हालाही आला असता, जरा जवळ धरलं असतं तर.”

“मग बोलला का नाहीत? मी इतकं बोललो तरी!”

“वहिनींचं नाव घेऊन सुटायचं होतं की काय मी?”

पुतण्या काकूंकडे वळला. “काकू, तू मला सकाळीच सांगायचंस. एका शब्दाचं काम होतं.”

“मी वाट बघत होते, कोणीतरी म्हणेल, काकू, छान चमकवलंस. तराजू न्यायला आलास तेव्हा मी समोरच उभी होते. विचारलंस?”

“मला तुझी काळजी...”

“काळजी नव्हती. माझ्यावरही नजर होती तुझी. मी ओळखते ती. घर जळलेल्यांच्या गोष्टी सांगताना तुझे डोळे असेच होतात.”

डॉक्टर नळी परत बसवीत होते. पाचर पहिल्या खेपेला नीट बसली नाही, तेव्हा त्यांनी ती दुसऱ्यांदा लावली. पुतण्याने क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले. परंतु काय घडले याचे स्पष्टीकरण आधी द्यावे की क्षमा आधी मागावी, हे त्याला ठरवता येईना, आणि तेवढ्यात क्षमेची वेळ निघून गेली.

काकूंनी दोन्ही पिस्तुले पेटीत ठेवली, झाकण लावले आणि पेटी डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवली.

“जोडी डॉक्टरांकडे जाईल,” त्या म्हणाल्या. “तू जेवून जा.”