भिंत बरोबर निघते

गवंड्याने पलंग भिंतीपासून ओढला, स्टुलावर चढला आणि ओळंब्याची दोरी छताजवळ अंगठ्याने दाबून धरली. दोरीच्या टोकाचं पितळी वजन इकडे-तिकडे हेलकावे खात हळूहळू शांत झालं.

पलंगावर त्याची लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रांगायच्या वयात ती भिंतीच्या कडेकडेने फिरायची, तेव्हापासून तिला घरात सगळे मुंगीच म्हणत. आता ती दुसरीत होती.

"आता नीट बघ. वर दोरी भिंतीपासून किती लांब आहे?"

"बोटभर."

"आणि खाली?"

मुंगी वाकली. "बोटभरच."

"मग भिंत तुझ्या अंगावर येतेय का?"

तिने भिंतीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ बापाच्या तोंडाकडे.

"नाही."

"मग कशी आहे?"

"सरळ आहे."

"शाब्बास!" तो स्टुलावरून उतरला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

बायको दारात येऊन उभी होती. औषधांच्या दुकानातून नुकतीच आलेली, खांद्यावरची पर्सही अजून उतरवलेली नव्हती.

"काय म्हणतोय पेशंट? भिंतीला ताप नाही ना?"

"चेष्टा करू नकोस. पोरीच्या मनातली भीती काढतोय मी."

"भिंतीच्या मनातली काढा आधी. रोज कोणीतरी अंगाला दोरी लावतंय म्हटल्यावर ती खरंच वाकायची एखाद्या दिवशी."

मुंगी खुदकन हसली. तोही हसला. पण ओळंबा त्याने परत पिशवीत टाकला नाही. खिळा ठोकून तिथेच, तिच्या उशाशी टांगून ठेवला.

हे सुरू झालं ते शाळेतून. फळ्यावरची अक्षरं लांब पळाली, असं ती बाईंना म्हणाली होती. मग घरी एकदा, "आई, तुझा हात केवढुसा झाला!" मग भिंती वाकायला लागल्या, माणसं लहान व्हायला लागली. थोड्या वेळाने सगळं आपोआप जागेवर यायचं. डोळे तपासले, डोळे स्वच्छ निघाले. डोक्याचा फोटो काढला. त्यातही काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी मुंगीला आपल्या जवळच्या खुर्चीत बसवून सगळं ऐकून घेतलं आणि मग या दोघांना सांगितलं, "काही मुलांना होतं असं. कारण दर वेळी कळतंच असं नाही. बऱ्याचदा वाढत्या वयात जातंही. तुम्ही एकच करा. तिला काय दिसतं ते तिला सांगू द्या. डोकं दुखलं, उलटी झाली, काही नवीनच दिसायला लागलं, तर लगेच घेऊन या. आपल्याला जे कळणार ते तिच्याकडूनच."

बायकोने ते सगळं लक्षात ठेवलं. गवंड्याच्या मनात राहिलं ते एवढंच, की कारण कळत नाही. त्याच्या धंद्यात असं नसतं. भिंतीला तडा गेला तर पाया तरी खचलेला असतो, नाहीतर मालात तरी खोट असते. तडा उगाच जात नाही. आणि पोरीच्या डोळ्यांपुढे हे उगाच होतं म्हणजे काय? तो कामावर विटेवर वीट रचायचा आणि तेच तेच मनात घोळवत राहायचा. घरी आला की निदान भिंत तरी सरळ आहे, हे हाताने दाखवता यायचं. तेवढंच त्याच्या हातात होतं.

आणि दोरीचा गुण आला. पहिल्यांदा ती रोज सांगायची, तो रोज दोरी लावायचा. मग अधूनमधून. मग तिने सांगणंच बंद केलं.

"गेलं बघ ते," तो एका संध्याकाळी बायकोला म्हणाला.

"मला नाही तसं वाटत. हल्ली पेला ठेवायच्या आधी ती दुसऱ्या हाताने टेबल चाचपते. पाहिलंत का कधी?"

"चांगलंच आहे की. सांडत नाही."

"तुम्ही ना…" तिने हातातल्या कपड्याची घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

रविवारी बायकोची दुकानात पाळी होती, आणि एका अर्धवट घराच्या जिन्याच्या भिंतीला गिलावा करायचा राहिला होता. गवंडी मुंगीला बरोबर घेऊन गेला. तिथे दुसरं कोणी नव्हतं. खिडक्यांना चौकटी होत्या, काचा नव्हत्या. जिना होता, पण त्याला कठडा अजून बसायचा होता. मुंगी खालच्या खोलीत उपड्या बादलीवर बसून वाळूत घरं काढत होती. तो माल कालवत असताना तिने विचारलं, "बाबा, वर जाऊन गच्ची बघून येऊ?"

महिन्याभरापूर्वी त्याने पाठवलं नसतं.

"जा. भिंतीच्या बाजूने जा."

ती टणाटण वर गेली. वरून तिने दोन-चार हाका मारल्या, त्यानेही ओ दिली. त्याने घमेलं उचलून भिंतीशी आणलं, थापी भरून पहिला थर मारला. माल मनासारखा बसत होता. तो गुणगुणायलाही लागला.

"मुंगे, चल, उतर आता. पाणी पी."

"येते."

त्याने आणखी दोन थाप्या मारल्या. ती आली नाही. त्याने मान वर केली. मुंगी जिन्याच्या मधल्या वळणावर उभी होती. एक हात भिंतीला चिकटलेला. चेहऱ्यावर हसू होतं, पाहुण्यांपुढे आणतात तसलं.

"ये ना गं."

"येते ना."

तिने उजवा पाय पुढे केला. अंगठ्याने पायरीची कड चाचपली. पाय पुन्हा मागे घेतला. हसू तसंच राहिलं.

थापी त्याच्या हातातून गळून पडली. तो जिना कसा चढला हे त्याला नंतर आठवलं नाही. तिच्यापासून दोन पायऱ्या खाली, उघड्या बाजूला, तो आडवा होऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या फ्रॉकची कड मुठीत धरली.

"काय होतंय?"

"काही नाही. मला काही होत नाहीये."

"मुंगे."

"खरंच काही नाही, बाबा. जिना सरळ आहे. सगळं सरळच आहे." तिने मान खाली घातली. "दोरी नको लावू."

"का गं? दोरी का नको?"

"तू दोरी लावलीस की भिंत बरोबर निघते." तिने भिंतीवरचा तळहात आणखी दाबला. "दर वेळी तीच बरोबर निघते. मग चुकीची मीच."

त्याचे हात सिमेंटने माखले होते. त्याने मनगटाने कपाळ पुसलं, मग डोळे. 'पायरी आहे तिथेच आहे गं बाळा,' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्याने तिथेच दाताखाली धरलं. मग तो तिच्याच पायरीवर, तिच्याजवळ बसला आणि तिलाही हळूच खाली बसवलं.

"पायरी किती खाली गेलीय?"

तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "खूप."

"खूप म्हणजे? घराएवढी?"

"विहिरीएवढी."

"बाप रे! मग आपण आत्ता उतरायचं नाही. विहिरीत उतरायची माझी छाती नाही."

ती थोडी त्याच्याकडे सरकली. खाली घमेल्यातला माल घट्ट होत चालला होता. आता तो फेकूनच द्यावा लागणार होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"मळमळतंय?"

"नाही."

"आणि मी केवढा दिसतोय?"

तिने एक डोळा मिटून अंगठा आणि तर्जनीमध्ये त्याला धरलं. "एवढासा."

"म्हणजे मीच मुंगी. मग आता तुला काय म्हणायचं?"

"हत्ती," ती म्हणाली, आणि तिचं आखडलेलं अंग थोडं सैल झालं.

"आवाज? तोही एवढासा झालाय?"

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "नाही. आवाज तुझ्याएवढाच आहे."

"मग मी बोलत राहतो."

आणि तो बोलत राहिला. मुकादमाने परवा दार उलटं बसवून घेतलं आणि दिवसभर त्याला कोणी सांगितलं नाही, ते सांगितलं. ओल्या फरशीवरून मांजर चालत गेलं आणि घरमालकीण म्हणाली, राहू द्या पावलं, ते सांगितलं. तो स्वतः नवशिका असताना पहिली भिंत बांधली ती अशी वाकडी, की उस्ताद म्हणाले, आता हिच्यासाठी घरच वाकडं बांधू.

"खोटं!"

"आईशप्पथ."

त्याच्या खिशातला फोन वाजला. बायको होती. दुकानातली गडबड मागे ऐकू येत होती.

"जेवायला थांबू का? आणि मुंगी काय करतेय? बरी आहे ना?"

'ठणठणीत' म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग थांबला.

"तिलाच विचार," तो म्हणाला आणि फोन मुंगीच्या कानाला धरला.

मुंगीने आधी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"आई, मला पायऱ्या खूप खाली दिसतायत." पलीकडून आईने काहीतरी विचारलं. "हो… हो, आधीपण. मी सांगितलं नव्हतं… नाही, घाबरले नाही. म्हणजे घाबरले होते. आता नाही… बाबा इथेच आहे. आम्ही बसलोय. बाबा एवढासा झालाय."

मग ती नुसती ऐकत राहिली. ऐकता ऐकता हसली, आणि फोनवर तळहात ठेवून बापाकडे वळली.

"आई विचारतेय, एवढासा झालास तर आज तुला जेवायला किती लागेल?"

त्याने आधी मान वळवून घसा खाकरला आणि आवाज होता तेवढा करून घेतला.

"सांग," तो म्हणाला, "नेहमीएवढंच."