रोज चार ते सात

पुरावा मागे ठेवायचा नाही, हा नियम सुनीतीचा. ती कोथरूडची, घरात तीन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे नियम करण्याची सवय रक्तातच. चिठ्ठी लिहायची नाही. फोटो काढायचा नाही. मोबाइलवरचे मेसेज वाचले की पुसायचे. स्कूटीवरून जाताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळायचं. हा शेवटचा नियम तर अख्ख्या पुण्यातल्या पोरी पाळतच होत्या, उन्हाच्या नावाखाली.

२००४ सालची गोष्ट. सुनीती आणि वारज्याची हेमा, दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जूनमध्ये लायब्ररीत एकाच पुस्तकावरून भांडल्या आणि ऑगस्टपर्यंत प्रकरण भांडणाच्या फार पुढे गेलं. टेकडीवर बसून भाजलेलं कणीस खाता खाता हेमा म्हणाली, "मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही, तशी." एवढं ऐकून माणसानं काहीतरी बोलावं की नाही? सुनीती म्हणाली, "बघू."

पुढे चार महिने दोघी रोज भेटल्या, पण हेमाला हवं होतं ते एक वाक्य काही सुनीतीच्या तोंडून निघालं नाही. "म्हण की कधीतरी," असं हेमा म्हणायची. "म्हणायचं काय त्यात? समजतं ना तुला?" असं सुनीती विचारायची. हेमाला समजायचं. निदान डिसेंबरपर्यंत समजत होतं.

डिसेंबरात चांदणी चौकाच्या उतारावर वाळूवरून हेमाची गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं, कारण हेल्मेट न घालणं हा पुण्यात स्वाभिमानाचा प्रश्न असतो. स्कार्फ मात्र होता. त्यानं रंग सांभाळला, डोकं नाही. आठ दिवसांनी हेमा धडधाकट उठून बसली, फक्त जूनपासूनचं सगळं पुसलं गेलं होतं. सुनीतीनं मेसेज पुसावेत इतकं स्वच्छ.

सुनीती भेटायला गेली, तेव्हा हेमानं आईला विचारलं, "ही कोण?"

"अगं, असं काय करतीस? ही तुझी सुनीती," प्रेमलाकाकू म्हणाल्या. हेमानं पाहुण्यांकडे बघून हसतात तसं सुनीतीकडे बघून हसून दाखवलं. ते सहा महिने आता जगात सुनीतीच्या एकटीच्याच डोक्यात उरले होते. साक्षीला ना चिठ्ठी, ना फोटो. नियम फारच चोख पाळले होते.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं. "डाक्टर म्हणत्यात, रोजच्या रोज काय झालं ते लिहून तिला वाचायला द्या. आता आम्हाला काय ठावं? तूच हुतीस तिच्यासंगट. शिकल्या घरातली, वळणाची पोरगी हाईस, म्हणून तुझ्यावर सोडलं. आन एक इचारू? कुठलं पोरगं-बिरगं न्हवतं ना?"

"नाही काकू. एकही मुलगा नव्हता," सुनीती म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं सगळ्यात खरं वाक्य ते हेच.

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं."

सुनीतीनं दोनशे पानी वही आणली आणि सुवाच्य अक्षरात सहा महिने लिहून काढले. 'अठरा ऑगस्ट. चार ते सात. टेकडीवर अभ्यास. कणीस खाल्लं.' 'तीन सप्टेंबर. चार ते सात. गणितं सोडवली. पाऊस होता.' खोटं एक अक्षर नव्हतं आणि खरं मात्र औषधालाही नव्हतं. लिहिताना तिला दोनदा रडू आलं, पण शाई फिसकटेल म्हणून वही तिनं लांब धरली.

वही दिल्यावर चार दिवसांनी हेमानं तिला बोलावलं. काकू खाली अंगणात गहू निवडत होत्या. हेमा गादीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर वही.

"वाचली," ती म्हणाली. "या वहीत मी रोज तुझ्याबरोबर आहे. दिवाळीतसुद्धा. भाऊबीजेलाही चार ते सात."

"हो."

"इतकं काय करत होतो आपण?"

"अभ्यास."

हेमानं उशीखालून एक कागद काढला. कॉलेजातून आलेला सहामाहीचा निकाल. "गणितात साठपैकी नऊ. रोज तीन तास अभ्यास करून? तुला किती?"

"एक्कावन्न," सुनीती पुटपुटली.

"म्हणजे अभ्यास तू करत होतीस. मग मी काय करत होते?"

इतके नियम केले, पण निकालपत्राचं काय करायचं याचा नियम करायचा राहून गेला होता. एखादी थाप सहज मारता आली असती. पेपर अवघड होता, तब्येत बरी नव्हती. तशी थाप मारली की हेमाची एक वळणाची मैत्रीण कायमची पक्की. आणि खरं सांगितलं, तर ही समोरची मुलगी, जिला टेकडी आठवत नव्हती, कणीस आठवत नव्हतं, ती कदाचित दार दाखवेल.

"तू माझ्याकडे बघत बसायचीस," ती म्हणाली. "आणि मी मान खाली घालून गणितं सोडवायचे, कारण वर बघायची मला भीती वाटायची. हेमा, मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही."

खाली सुपातले गहू वाजत होते.

"हे मला माहीत होतं?" हेमानं विचारलं.

"तूच आधी म्हणाली होतीस. अठरा ऑगस्टला."

हेमानं वहीची पानं उलटली. "इथे तर नुसतं कणीस आहे." मग मान वर केली. "मी म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"बघू, म्हणाले."

"आणि उत्तर कधी दिलंस?"

"आत्ता," सुनीती म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वी."

हेमानं वही मिटली आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओळख पटली नव्हती, तेवढं सुनीतीला कळलं. पण हे बघणं पाहुण्यांकडे बघण्यासारखं नव्हतं, हेही कळलं.

"बघू," हेमा म्हणाली.

चार महिने हेमानं हा शब्द कसा गिळला असेल, ते सुनीतीला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. ती उठली, स्कार्फ घेतला, पण गाठ काही बसेना.

"राहू दे ते," हेमा म्हणाली. "तुझं तोंड मला नीट पाठ करायचंय. उद्या ये. चारला."